एका फुप्फुसावर उभं राहिलेलं गाणं : सुळेभावीचे कुमार गंधर्व

टिळकवाडीत राहणाऱ्याला रेल्वे गेटावर थांबायची सवय असते. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. घरचा पत्तासुद्धा लोक गेटावरूनच सांगतात. लोंढ्याकडून आलेली गाडी ही गेटं ओलांडून बेळगाव स्टेशनात शिरते, मग मिरजेच्या दिशेने निघते, सांबरा मागे टाकते आणि थोड्याच वेळात सुळेभावी येतं. गाडीतले बहुतेक लोक तिथे खिडकीबाहेर बघतही नाहीत. पण हिंदुस्थानी संगीताच्या गेल्या शंभर वर्षांतला सगळ्यात वेगळा गवई ८ एप्रिल १९२४ रोजी याच गावात जन्मला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ हे त्याचं नाव. जगाने त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखलं.

त्यांच्या गाण्याबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. पु. ल. देशपांड्यांनी लिहिलं, वामनराव देशपांड्यांनी लिहिलं. त्यामानाने त्यांच्या छातीबद्दल कमी बोललं जातं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेला माणूस जवळपास चाळीस वर्षं मैफली गाजवत राहिला, एवढं एक वाक्य सांगून लोक पुढे सरकतात. त्या वाक्याच्या पोटात काय काय आहे, ते मात्र सांगण्यासारखं आहे. घरात दम्याचं, क्षयाचं किंवा धुरा-तंबाखूने छाती गेलेलं माणूस असेल, तर जास्तच. आणि निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात, तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या सुपापुढे ज्यांचं आयुष्य गेलं, अशा घरांत तसं माणूस असतंच.

घर कानडी, लिंगायत. वडील सिद्धरामय्या यांना गाण्याचा नाद. मुलगा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत गातो असं कुणाला वाटलंही नव्हतं, आणि एक दिवस त्याने तोंड उघडलं ते थेट मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा म्हणूनच. नुसती चाल नव्हे. गायकाने कुठे श्वास घेतला, कुठे तान तोडली, आवाज कुठे जाड केला, तेसुद्धा. लोक चाट पडले. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तीच नाव होऊन बसली. वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करू लागले. बेळगाव, धारवाड, हुबळी, मिरज, कोल्हापूर हा सगळा मुलूख तेव्हा गाण्याने भरलेला होता. अब्दुल करीम खाँ मिरजेत, सवाई गंधर्व कुंदगोळात, रामकृष्णबुवा वझ्यांचा बेळगावशी जुना ऋणानुबंध. भाषेची भिंत गाण्याच्या आड कधी आली नाही. कानडी घरातला मुलगा मराठी नाट्यपदं म्हणायचा आणि मराठी श्रोते माना डोलवायचे.

१९३६ साली मुंबईच्या जीना हॉलमध्ये एका संगीत परिषदेत हा अकरा वर्षांचा मुलगा गायला. समोर मोठमोठे गवई बसले होते. त्या दिवसाने त्याचं नशीब बदललं. प्रो. बी. आर. देवधर यांनी त्याला आपल्या शाळेत ठेवून घेतलं. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णू दिगंबरांचे शिष्य, आणि मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांची संगीतशाळा. त्यांचा एक खास विषय होता, तो म्हणजे आवाज. आवाज कसा निर्माण होतो, तो बिघडतो कशाने, कसा जपायचा, याचा त्यांनी पाश्चात्त्य पद्धतींसकट अभ्यास केला होता. त्या काळात गवयांच्या दुनियेत या गोष्टीकडे फारसं कुणी बघत नसे. घसा गेला की दृष्ट लागली म्हणायचे किंवा कुणी शेंदूर घातला म्हणायचे. कुमारांना हा गुरू लाभला, ही पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट ठरली असणार. छातीत हवा कमी उरल्यावर उरलेल्या हवेचं करायचं काय, हे ठरवायला श्वास आणि आवाज यांचं नातं आधी कळलेलं असावं लागतं.

देवधरांच्या शाळेतच भानुमती कंस भेटल्या. त्या कराचीच्या. गाणं शिकायला मुंबईत आलेल्या. एप्रिल १९४७ मध्ये दोघांचं लग्न झालं. कुमार तेव्हा तेवीस वर्षांचे, नाव झालेले, मैफलींचं आमंत्रण घरी रांगेत उभं. आणि त्याच वर्षात ताप, खोकला, अशक्तपणा सुरू झाला. निदान झालं : फुप्फुसाचा क्षय.

आज क्षय झाला म्हटलं की सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या मिळतात, त्याही फुकट. १९४७ मध्ये क्षय या शब्दाचा अर्थ वेगळा होता. राम गणेश गडकरी त्याच रोगाने १९१९ साली चौतिशीही गाठायच्या आत गेले. कमला नेहरू १९३६ मध्ये स्वित्झर्लंडला नेऊनही वाचल्या नाहीत. ज्यांच्या नावाच्या सभागृहात लहानगा कुमार गायला होता, ते महंमद अली जीना सप्टेंबर १९४८ मध्ये कराचीत गेले. क्षयाने त्यांची फुप्फुसंही पोखरलेली होती. पैसा, पद, जगातले डॉक्टर, कशाचाच उपयोग होत नसे. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, घरात कुणाला क्षय झाला की भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, आणि त्या घरातल्या मुलींची लग्नं जमणं मुश्किल. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला रुग्ण पाठवला की घरचे अर्धी आशा सोडूनच परत येत.

औषध नव्हतं, तेव्हा डॉक्टरांकडे एकच तत्त्व होतं : फुप्फुसाला विश्रांती. रोग झालेलं फुप्फुस हलू द्यायचं नाही, म्हणजे ते आपोआप भरून येईल. त्यासाठी रुग्णाला महिनोन् महिने पडून ठेवायचं, बोलणंसुद्धा कमी करायला लावायचं. काहींच्या बाबतीत बरगड्यांमधून सुई घालून छातीच्या पोकळीत हवा भरायचे, म्हणजे फुप्फुस दाबलं जाऊन मिटून बसे. त्याहून वाईट अवस्थेत बरगड्या कापून छातीची ती बाजूच बसवून टाकत. यातून काही बरे होत, पुष्कळसे होत नसत. आणि जे बरे होत त्यांचं फुप्फुस पूर्वीसारखं राहत नसे.

अशा काळात एका गवयाला सांगितलं गेलं की आता गायचं नाही. कदाचित पुन्हा कधीच नाही. कोरड्या हवेत जाऊन राहायचं. मुंबईची दमट हवा चालणार नाही.

म्हणून ते माळव्यात, देवासला गेले. जानेवारी १९४८ च्या अखेरीस, गांधीहत्येच्या त्या काळ्या दिवसांत नवरा-बायको तिथे पोचली. देवास हे पवारांचं संस्थान, तेही थोरली पाती आणि धाकटी पाती असं दोन राजांचं. तिथे मराठी बोलणारी घरं होती, इंदूर जवळ होतं, गाण्याची जाण असलेली माणसं होती. इंदूरचे रामूभैया दाते, ‘नई दुनिया’चे राहुल बारपुते अशी मंडळी पुढे त्यांची जन्माची सोबती झाली. पण त्या पहिल्या काही वर्षांत सगळा भार भानुमतींवर होता. त्यांनी तिथल्या शाळेत नोकरी धरली. सकाळी रुग्णाचं सगळं आवरायचं, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा रुग्ण. वेळेवर खाणं, वेळेवर औषध, ताप मोजणं. मिळकत एकटीची. गवई घरात, आणि घरात गाणं नाही. क्षयाच्या रोग्याला वाचवणारं पहिलं औषध बऱ्याचदा घरातली बाईच असते. तिच्या नावाचा कागद कुठल्या दवाखान्यात निघत नाही. भानुमती स्वतः गाणाऱ्या होत्या, हेही फारसं कुणी लक्षात ठेवत नाही.

कुमार पडून होते ते जवळजवळ पाच वर्षं. गाता येत नव्हतं, पण कान कुणी बांधून ठेवले नव्हते. माळव्यातल्या बायका जात्यावर, लग्नात, सणात, पाऊस लांबला की गात. ते खिडकीतून ऐकू यायचं. रस्त्याने जाणारे भिक्षेकरी, नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत जायचे. पडल्या पडल्या हा माणूस ते सगळं ऐकत होता आणि त्याच्या डोक्यात एक वेगळंच गणित चालू होतं. या गाण्यांत कुठला राग लपला आहे? चार-पाच सुरांत ही बाई एवढं कसं सांगते? हा जोगी आवाज असा फेकतो की तो दूरवर जाऊन पोचतो, ते कसं? वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून दुसऱ्याचं गाणं हुबेहूब उतरवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचं तोंड बंद ठेवून विचार करावा लागला. आजार झाला म्हणून बरं झालं, असं काही लोक यावर बोलून जातात. तसं बोलू नये. पाच वर्षं रोज मरणाची वाट बघणं ही काही तपश्चर्या नसते. त्या माणसाने तिचं काय केलं, ही त्याची कमाई.

इकडे जगात एक गोष्ट घडली होती. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ नावाच्या तरुण विद्यार्थ्याने मातीतल्या एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं. क्षयाच्या जंतूवर चालणारं हे पहिलं प्रतिजैविक. वॅक्समनना १९५२ चं नोबेल मिळालं, शॅट्झना मिळालं नाही. तो तंटा वेगळा. ब्रिटनमध्ये या औषधाची पद्धतशीर परीक्षा झाली, तिचा निकाल १९४८ मध्ये छापून आला. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ जण सहा महिन्यांत दगावले होते, आणि विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ पैकी चौघे. कुणाला कुठला उपचार द्यायचा हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे त्या आकड्यांवर भरवसा ठेवता आला. आज कुठलंही नवं औषध असंच तपासलं जातं.

पण त्याच परीक्षेत आणखी एक गोष्ट दिसली. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने रुग्ण सुरुवातीला भराभर सुधारतो, मग काही महिन्यांत जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून त्याला जोडीदार हवा होता. आधी पीएएस नावाचं औषध जोडीला आलं आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड. ही औषधं एकत्र देता येऊ लागली तेव्हा कुठे क्षय खऱ्या अर्थाने बरा होणारा रोग झाला. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याला १९४८ मध्ये ओळखीपाळखीने अमेरिकेतून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, पण त्याच्या अंगाला ते मानवलं नाही. कातडी सोलवटली, तोंडात फोड आले, बंद करावं लागलं, आणि जानेवारी १९५० मध्ये तो गेला. दोन-तीन वर्षं इकडे किंवा तिकडे, एवढ्यावर माणसाचं जगणं-मरणं ठरत होतं.

कुमारांच्या नशिबाने ती दोन-तीन वर्षं भानुमतींनी ओढून काढली होती. १९५२ च्या सुमारास त्यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. औषध बाहेरून यायचं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं ते १९५५ मध्ये, आणि स्ट्रेप्टोमायसिन त्यानंतर. तोवर ही इंजेक्शनं म्हणजे सोन्याच्या भावाची गोष्ट.

आणि इथे गवयाच्या दृष्टीने एक मोठाच पेच होता. स्ट्रेप्टोमायसिन जास्त काळ घेतलं तर त्याचा मार कानाच्या आतल्या भागावर बसतो. काहींचा तोल जातो, चालताना अंधारात भेलकांडतात. काहींना कमी ऐकू यायला लागतं, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. डॉक्टरांना हे १९४८ लाच दिसलं होतं. म्हणजे छाती वाचवायला दिलेलं औषध कान घेऊन जाऊ शकत होतं. इतर रुग्णाला हा सौदा कबूल करणं सोपं. गवयाचं काय? फुप्फुस गेलं तर गाणं जाईल, कान गेले तरी गाणं जाईल. कुमारांचे कान शाबूत राहिले. किती शाबूत, हे पुढे त्यांच्या मैफलीला गेलेल्या प्रत्येकाला कळलं. तानपुरे जुळवायला ते जेवढा वेळ घेत, तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या गायकाचा निम्मा राग आटोपला असता. तारेतला केसाएवढा फरकही त्यांना चालत नसे.

औषधाने जंतू मेले. पण जे फुप्फुस जंतूंनी खाऊन टाकलं होतं, ते परत आलं नाही. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आजही क्षयाचा कोर्स पूर्ण केलेले पुष्कळ रुग्ण तक्रार करतात की थुंकी तपासली तर स्वच्छ, डॉक्टर म्हणतात बरे झालात, मग जिना चढताना दम का लागतो? रोग बरा होणं आणि ताकद परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोगाने फुप्फुसाच्या काही भागाचा व्रण होतो; तो कडक, आक्रसलेला, हवा न घेणारा. धडधाकट पुरुषाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून पाच-सहा लिटर हवा मावते. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटरच घेतो. त्यामुळे एका फुप्फुसावर बसून राहणाऱ्याला काही कमी आहे असं वाटतसुद्धा नाही. कमी कळते ती चढण आल्यावर. किंवा गायला बसल्यावर.

पूर्वी अशा रुग्णाला सांगत, आता जपून राहा, श्रम करू नका. माणूस खाटेवर बसून राही, पायांचे स्नायू गळून जात, मग चार पावलांतही धाप लागे, धाप लागते म्हणून आणखी बसून राही. हे दुष्टचक्र डॉक्टरांच्या लक्षात यायला बराच काळ गेला. आता धुराने किंवा विडी-सिगारेटने श्वासनळ्या आकसलेल्या रुग्णाला पंप देतात, त्याने नळ्या मोकळ्या होतात, छातीत अडकून राहिलेली जुनी हवा बाहेर पडायला वाट मिळते आणि माणूस पूर्वीपेक्षा थोडं जास्त चालू शकतो. पण औषध फक्त वाट मोकळी करतं. चालायचं पायांनीच असतं. म्हणून औषधाच्या जोडीला रोज थोडं थोडं वाढवत नेलेलं चालणं, हातापायाचे व्यायाम, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडणं, हे सगळं सांगतात. सुधारणा मोजायची रीत अगदी साधी : सपाट जागेवर सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो ते बघायचं. इंग्लंडमध्ये तर अशा रुग्णांना एकत्र बसवून गायला शिकवतात, कारण गाणं म्हणजे श्वास पटकन घेणं आणि बेताने, हिशेबाने सोडणं.

देवासला १९५३ मध्ये यातलं काही छापील स्वरूपात कुणाच्या हातात नव्हतं. तरी तिथल्या घरात जे झालं ते याच जातीचं होतं. गाणं एकदम परत आलं नाही. पाच वर्षं न वापरलेला गळा आणि अर्धी राहिलेली छाती घेऊन नव्याने, कणाकणाने सुरुवात करावी लागली. १९५३ मध्ये कुमार पुन्हा लोकांसमोर गायला बसले. जे पूर्वीचा कुमार ऐकायला आले होते ते गोंधळले, कारण हे गाणं वेगळं होतं.

लांबच लांब दमसास दाखवणारी तान तिथे नव्हती. लहान लहान, टोकदार तुकडे होते. एखादा स्वर अचानक पूर्ण ताकदीने फेकलेला, आणि लगेच शांतता. मग कुजबुजल्यासारखा एक सूर. ती मधली शांतता रिकामी वाटायची नाही. तानपुरा त्यात बोलत राहायचा. मध्यलयीत बंदिशीचे शब्द ते असे उलगडत की रागाचं नवंच रूप दिसे. काहींनी हात जोडले, काहींनी नाकं मुरडली. घराण्याची शिस्त मोडली असं म्हणणारे होते, आणि दम पुरत नाही म्हणून असं गातात असं म्हणणारेही होते.

ही दुसरी टीका अनेक वर्षं चालली, आणि तिच्यात अर्धं सत्य आहे. एका फुप्फुसाचा माणूस दोन फुप्फुसांसारखं गाऊ शकत नाही, हे शरीरशास्त्र आहे. पण दम पुरत नाही म्हणून आखूड गाणारे गवई पुष्कळ होऊन गेले, ते कुणाला आठवत नाहीत. कुमारांच्या ध्वनिमुद्रणांत विलंबित ख्यालही आहेत, आणि निर्गुणी भजनांतले वरच्या षड्जावर ठेवलेले दीर्घ स्वर असे आहेत की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. म्हणजे जिथे हवं तिथे ते छातीतली हवा मोकळ्या हाताने खर्च करत, आणि जिथे नको तिथे चिंधीसुद्धा वाया घालवत नसत. खेड्यातली शहाणी गृहिणी महिनाअखेरीला डब्यातलं पीठ जसं वापरते, तसं.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. सुळेभावीचा हा माणूस तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्याच वर्षी मद्रासला क्षयाच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं, आणि १९५९ मध्ये तिथल्या अभ्यासाने दाखवलं की औषधं नीट घेतली तर घरी राहिलेला रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्या रुग्णाइतकाच बरा होतो. गरीब घर, दाटीवाटीची वस्ती, बेताचं खाणं असूनही. जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर हळूहळू बंद पडली. देवासच्या त्या घराने हे आधीच करून दाखवलं होतं.

१९५६ मध्येच मुकुल जन्मला. घर स्थिरावत होतं. आणि १९६१ मध्ये, दुसऱ्या मुलाच्या बाळंतपणात भानुमती गेल्या. जिने क्षयाच्या तोंडातून नवऱ्याला ओढून काढलं, तिला साधं बाळंतपण निभावलं नाही. मूल वाचलं, तोच यशोवर्धन. देवासच्या घराला भानुकुल हे नाव आहे, ते भानुमतींचं.

१९६२ मध्ये कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केलं. त्याही देवधरांच्याच शाळेतल्या, स्वतः तयारीच्या गायिका. पुढची तीस वर्षं कुमारांच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्या वसुंधराताईंचा आवाज त्यांच्या गाण्यात मिसळत राहिला. कुमार थांबले की तो सूर उचलून धरायचा, ते परतले की अलगद खाली ठेवायचा. साथीचा सूर ही गाण्याची शोभा आहेच, पण छातीला उसंत देणारा टेकूही तोच असतो. हे काम किती अवघड आहे, ते ज्याने करून बघितलंय त्यालाच ठाऊक. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलगी कलापिनी आणि नातू भुवनेश आज गातात.

साठ आणि सत्तरच्या दशकांत जे काम झालं त्याची नुसती यादी केली तरी धाप लागावी. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हे बंदिशींचं पुस्तक आलं. खाटेवर पडून ऐकलेल्या माळव्याच्या लोकधुनांमधून नवे राग उगवले. मालवती, लगनगांधार, संजारी, सहेली तोडी ही त्यांतली काही नावं. पावसाच्या, हेमंताच्या, वसंताच्या गाण्यांचे कार्यक्रम केले. बालगंधर्वांची गाणी स्वतःच्या नजरेने गाऊन दाखवली, तेव्हा मराठी रसिकांत वाद पेटले. गांधी जन्मशताब्दीला गांधीमल्हार बांधला. कबीर, सूरदास, मीरा, तुलसीदास, तुकाराम. दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं त्यांनी शास्त्रीय मैफलीत आणली, आणि आज कबीर म्हटलं की देशभरच्या कानांत जो सूर वाजतो तो बव्हंशी त्यांचाच आहे. मराठीत त्यांनी कवी अनिलांची कविता गायली, बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी वाणी जयराम यांच्याबरोबर गायले. रेडिओवर ते द्वंद्वगीत लागलं की सीमाभागात अजून घराघरांत लोक हातातलं काम थांबवतात.

पु. ल. आणि कुमार यांची दोस्ती सर्वांना माहीत आहे. पु. ल. काही काळ टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, हे तरुण वाचकांतल्या अनेकांना माहीत नसेल. बेळगावच्या मातीशी असं नातं असलेली ही दोन माणसं. एक इथे जन्मून दूर गेला, दुसरा इथे येऊन पुढे गेला.

१९७७ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९९० मध्ये पद्मविभूषण. कर्नाटकवाले म्हणतात आमचे, महाराष्ट्रवाले म्हणतात आमचे, माळव्याने तर कधी विचारायची गरजच ठेवली नाही. घरात जन्माची भाषा कानडी, बोलण्या-लिहिण्यात मराठी, गाण्यात माळवी आणि हिंदी. सीमेच्या या बाजूला आणि त्या बाजूला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटायचं कारण नाही, अशी घरं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासला कुमार गंधर्व गेले. वय सदुसष्ट. तेविसाव्या वर्षी ज्याला गाणं सोडायला सांगितलं होतं, तो त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं जगला, आणि त्यातली पहिली पाच-सहा सोडली तर गातच राहिला. ज्या इंजेक्शनाने त्याला परत आणलं, ते आता क्षयाच्या नेहमीच्या उपचारातून बाजूला पडलं आहे. त्याहून सोप्या गोळ्या आल्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायची, एवढंच आज सामान्य माणसाच्या हातात उरलेलं काम आहे, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट होतं.

मिरजेकडे जाणारी गाडी आजही टिळकवाडीच्या गेटांतून जाते. सांबऱ्यानंतर सुळेभावी.